ताज परदेशात कसे पोहोचले आणि काही शहरांतून परत का आले?

हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, मुंबईतल्या एका हॉटेलापासून सुरू झालेला ताज समूह परदेशात कसा गेला, आणि बोस्टन व सिडनी येथे मोठ्या हौसेने विकत घेतलेली हॉटेले त्याला काही वर्षांतच का विकावी लागली. मी तेहतीस वर्षे या व्यवसायात आहे. त्यातली पहिली बारा वर्षे फ्रंट ऑफिसमध्ये गेली आणि उरलेली वर्षे हॉटेलांचे मालक व ती चालवणाऱ्या कंपन्या यांच्यातील करार तपासण्यात. म्हणून या उत्तरात झुंबरे आणि घुमट यांच्यापेक्षा करार आणि माणसे यांच्याविषयी अधिक वाचायला मिळेल. माझे मत आधीच सांगतो: या समूहाने परदेशात जिथे आपले कसब नेले तिथे त्याचे पाय रोवले गेले, आणि जिथे दुसऱ्याने नावारूपाला आणलेली इमारत भारी किमतीला विकत घेतली तिथे ते रोवले गेले नाहीत. हे मत कशाच्या आधारावर बनले ते पुढे मांडतो.

मुंबईतील ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले, तेव्हा तिथे अवघे सतरा पाहुणे होते. 1896 च्या प्लेगने शहराची रया गेली होती, परगावचे लोक मुंबईला यायला धजावत नव्हते, आणि अशा काळात जमशेटजी टाटांनी स्वतःच्या पैशातून हे हॉटेल उभे करायचे ठरवले. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञान संस्था अशी कामे हाती असताना हा भटारखाना कशाला, असे त्यांच्या घरातूनच विचारले गेल्याचे सांगतात. केवळ युरोपीयांसाठी असलेल्या वॉटसन हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारल्याच्या रागातून ताज जन्मले ही कथा सर्वांना पाठ असते, परंतु तिला भक्कम पुरावा नाही. प्लेगने खचलेल्या आपल्या शहराला पुन्हा उभारी द्यावी हे कारण मला अधिक पटते, कारण जमशेटजींच्या बाकीच्या कामांशी ते जुळते.

इमारतीचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. वैद्यांच्या निधनानंतर काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केले. मधला अधांतरी वाटणारा जिना बांधकामाचे कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्या कल्पनेतला. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला, ही दंतकथा आपण कधीही खरी मानू नये. टांगे आणि बग्ग्या शहराच्या बाजूने येत असत म्हणून प्रवेश त्या बाजूला होता, आणि समुद्राचा वारा अधिक खोल्यांना मिळावा म्हणून मागची लांब बाजू पाण्याकडे होती. गेटवे ऑफ इंडिया तर 1924 मध्ये पूर्ण झाले, म्हणजे हॉटेल सुरू झाल्यानंतर वीस वर्षांनी. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथून जुने पाहुणे आत येत.

मुंबईत विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या सुरुवातीच्या इमारतींपैकी ही एक. खोलीचा दर दिवसाला दहा रुपये, पंखा व स्नानगृह हवे असल्यास तेरा. जमशेटजी 1904 मध्ये वारले, त्यामुळे आपल्या हॉटेलाचा जम बसलेला त्यांना पाहता आला नाही. पहिल्या महायुद्धात याच वास्तूत सहाशे खाटांचे रुग्णालय होते. या सर्व गोष्टी अभिमानाच्या आहेत, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. हे हॉटेल चालवणारी इंडियन हॉटेल्स कंपनी 1902 मध्ये स्थापन झाली, आणि त्यानंतर जवळजवळ सात दशके तिने मुंबईबाहेर पाऊल टाकले नाही. शेजारचे ग्रीन्स हॉटेल तिच्याकडे होते, एवढाच काय तो विस्तार. म्हणजे एकशेवीस वर्षांची हॉटेलांची साखळी असे जे म्हटले जाते त्यात साखळीचे आयुष्य जेमतेम अर्धे आहे.

साखळी घडवली ती अजित केरकर यांनी. 1962 मध्ये कंपनीत आलेले केरकर 1997 पर्यंत तिथे होते, आणि या पस्तीस वर्षांत एका हॉटेलाचा समूह झाला. ग्रीन्सच्या जागेवर उभा राहिलेला हॉटेलाचा नवा मनोरा 1973 मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास गोल्डन ड्रॅगन या रेस्टॉरंटने भारतात पहिल्यांदा सिचुआन पद्धतीचे झणझणीत चिनी जेवण आणले. मात्र खरा कलाटणीचा निर्णय राजस्थानात झाला. 1971 मध्ये उदयपूरच्या पिछोला तलावातील जगनिवास, म्हणजेच लेक पॅलेस, आणि 1972 मध्ये जयपूरचा रामबाग पॅलेस ताजच्या व्यवस्थापनाखाली आले. त्याच काळात, डिसेंबर 1971 मध्ये, संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. शेकडो खोल्यांचे वाडे सांभाळायचे कसे हा प्रश्न राजघराण्यांपुढे होता, आणि मुंबईतल्या कंपनीकडे पाहुणचाराचे शास्त्र होते पण देशभर हॉटेले बांधण्याइतके भांडवल नव्हते. दोघांचीही गरज एकाच व्यवस्थेने भागली: वास्तू तुमची, चालवणार आम्ही.

ही व्यवस्था नीट समजून घ्यावी, कारण पुढच्या सगळ्या कथेची किल्ली तिच्यात आहे. हॉटेलाचे तीन पदर असतात. जमीन व इमारत एकाची, नाव व चालवण्याची रीत दुसऱ्याची, आणि रोजचा नफातोटा करारात ठरेल त्याचा. स्वतःच्या मालकीच्या हॉटेलात हे तिन्ही एकत्र असतात. चांगली वर्षे आली तर सगळा नफा आपला, पण मंदी आली की कर्जाचे हप्ते, दुरुस्ती आणि पगार यांचा बोजाही पूर्ण आपल्यावर. भाडेपट्ट्याने घेतलेल्या हॉटेलात मालकाला भाडे ठरल्याप्रमाणे द्यावेच लागते, खोल्या भरोत अथवा न भरोत. व्यवस्थापन करारात मात्र चालवणारी कंपनी उत्पन्नाच्या साधारण दोन ते चार टक्के मूळ शुल्क आणि ढोबळ नफ्याचा काही हिस्सा घेते, तर इमारतीतील गुंतवणुकीचा धोका मालकाकडे राहतो. करार तपासताना मी नेहमी पहिला प्रश्न हाच विचारतो की, दोन वर्षे लागोपाठ वाईट गेली तर पैसे कोणाच्या खिशातून जातील. हॉटेलाचे छायाचित्र पाहून याचे उत्तर कधीच मिळत नाही.

1974 मध्ये गोव्यात आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून समुद्रकाठचे रिसॉर्ट सुरू झाले. त्या काळी मोठे हॉटेल म्हणजे शहरात हवे असा समज होता, आणि सिंकेरीच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांसाठी अशी सोय उभी करणे हे धाडसच होते. 1983 च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची अनौपचारिक बैठक गोव्यात भरली आणि त्यांचा मुक्काम इथेच होता. गोव्याचे नाव जगाच्या पर्यटन नकाशावर ठळक होण्यात त्या काही दिवसांचा मोठा वाटा आहे.

परदेशातील पहिले पाऊल 1980 चे, येमेनची राजधानी सना येथील ताज शेबा हॉटेलाचे. बहुतेकांना ते आठवत नाही. आखातात व अरब देशांत तेव्हा तेलाच्या पैशातून बांधकामे चालू होती, भारतीय माणसे कामासाठी तिकडे जात होती, आणि इंग्रजी बोलणारा, शिस्तीत तयार झालेला भारतीय हॉटेल कर्मचारी तिथे हवासा होता. समूहाने परदेशात सर्वप्रथम काय नेले, तर प्रशिक्षित माणसे. दादरची हॉटेल व्यवस्थापन संस्था 1954 पासून विद्यार्थी घडवत होती, हॉटेलाच्या आत वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने आचारी आणि बटलर तयार होत होते, आणि ही शिदोरी फारच थोड्या भारतीय कंपन्यांकडे होती. पुढे 1989 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मौलाना आझाद शिक्षण संस्थेच्या सहकार्याने समूहाने हॉटेल व्यवस्थापनाचे महाविद्यालय सुरू केले आणि त्याची पदवी इंग्लंडमधील हडर्सफील्ड विद्यापीठाची ठेवली. मराठवाड्यात बसून लंडनच्या पंक्तीला बसेल असे मनुष्यबळ घडवायचे हा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो.

लंडनमधील प्रवेश 1982 चा. बकिंगहॅम गेट या रस्त्यावरील, राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरील सेंट जेम्स कोर्ट ही वास्तू समूहाने विकत घेतली. ही खरेदी होती, व्यवस्थापन करार नव्हे, म्हणून माझ्या मताविरुद्ध हे उदाहरण कोणी पुढे करील. पण त्याच वर्षी डिसेंबरात ग्लॉस्टर रोडजवळ सुरू झालेले बॉम्बे ब्रासरी पाहिल्याशिवाय लंडनचे चित्र पुरे होत नाही. त्यापूर्वी लंडनमध्ये भारतीय जेवण म्हणजे मुख्यतः सिल्हेटहून आलेल्या कुटुंबांनी चालवलेली करी हाउसे, जिथे सर्व रश्श्यांची चव एकाच भांड्यातून आल्यासारखी वाटे आणि बिल कमी यावे ही अपेक्षा असे. समूहाच्या कॅमेलिया पंजाबी यांनी ठरवले की पारशी, गोवन, पंजाबी आणि मुंबईच्या रस्त्यावरचे पदार्थ त्यांच्या मूळ चवीने, उंची दिवाणखान्यात आणि उंची दराने वाढायचे. लंडनकरांनी ते उचलून धरले. पुढे 1999 मध्ये सेंट जेम्स कोर्टलाच लागून सुरू झालेल्या क्विलॉनने केरळ व पश्चिम किनाऱ्याचे जेवण वाढून 2008 मध्ये मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळवला. लंडनला भारतीय माणसाचे येणेजाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे, त्यामुळे ताज हे नाव तिथे समजावून सांगावे लागले नाही. शिवाय खरेदी 1982 ची असल्यामुळे जागेची किंमत पुढे कैक पटींनी वाढली. तेव्हा मालकी असूनही लंडन टिकले यामागे कसब, ओळख आणि वेळ या तिन्ही गोष्टी होत्या.

कोलंबोचे ताज समुद्र 1984 मध्ये गॉल फेसच्या हिरवळीसमोर सुरू झाले, तेही यादवी पेटल्यानंतरच्या वर्षी. ती सगळी दशके ते हॉटेल चालू राहिले, ही तिथल्या कर्मचाऱ्यांची चिकाटी म्हणावी लागेल. मालदीव, झांबियातील लुसाका आणि दुबई ही पुढची ठिकाणे. 2008 मध्ये भूतानच्या थिंफूत ताज ताशी आले आणि 2010 च्या विश्वचषक फुटबॉलच्या वर्षी केपटाउनमध्ये जुन्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत ताज सुरू झाले. यांतील बहुतेक ठिकाणी भारतीय प्रवासी, भारतीय व्यापारी किंवा भारतीय वंशाचा समाज आधीपासून होता.

आता आपल्या प्रश्नाच्या अवघड भागाकडे येतो. 2005 ते 2007 या तीन वर्षांत समूहाने एकापाठोपाठ एक मोठे निर्णय घेतले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसमोरील, 1930 पासूनचे द पिएर भाडेपट्ट्याने घेतले आणि पुढे त्याच्या नूतनीकरणावर सुमारे 10 कोटी डॉलर खर्च झाले. सिडनीच्या वूलूमूलू धक्क्यावरील हॉटेल घेऊन त्याचे नाव ब्लू ठेवले. बोस्टनमधील 1927 चे रिट्झ कार्लटन 17 कोटी डॉलरना विकत घेऊन त्यावर ताज बोस्टन अशी पाटी लावली. सॅन फ्रान्सिस्कोचे कॅम्प्टन प्लेस सुमारे 6 कोटी डॉलरना घेतले. तेव्हा भारतीय उद्योगांची परदेशी खरेदी भरात होती, टाटांनीच 2007 मध्ये कोरस ही पोलाद कंपनी घेतली होती, आणि भारतीय हॉटेलवाल्यांनी अमेरिकेत अशा वास्तू घ्याव्यात याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद झाला होता. तो आनंद खोटा नव्हता, पण हिशेब वेगळे सांगत होता.

बोस्टनच्या हॉटेलात 273 खोल्या. खरेदीची रक्कम खोल्यांनी भागली तर दर खोलीमागे सुमारे सहा लाख वीस हजार डॉलर पडतात. आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: खोलीमागे जितके हजार डॉलर गुंतवले, साधारण तितके डॉलर रोजचा सरासरी दर मिळायला हवा, तरच गुंतवणूक फळते. म्हणजे बोस्टनला वर्षभर सरासरी सहाशेहून अधिक डॉलर दर हवा होता, आणि तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात तो मिळणे अशक्यप्राय होते. त्यात पाटी बदलताच रिट्झ कार्लटनची आरक्षण व्यवस्था आणि तिच्यामागच्या मॅरियट या मालक कंपनीचे निष्ठावंत ग्राहक एका दिवसात दूर गेले. ज्या नावामुळे पाहुणे तिथे येत होते तेच नाव उतरवून आपले नाव लावण्यासाठी इतकी किंमत मोजली गेली. शिवाय अमेरिकेत ताजमहाल म्हटले की पुष्कळांना आग्र्याची वास्तू किंवा अटलांटिक सिटीतील 1990 मध्ये सुरू झालेला कॅसिनो आठवे, मुंबईचे हॉटेल नव्हे. अमेरिकेतील पगार, कामगार संघटनांचे करार आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती हे खर्च कमी करता येण्यासारखे नव्हते. आणि मग सप्टेंबर 2008 मध्ये जागतिक मंदी कोसळली.

मी स्वतः एका गुंतवणूकदारासाठी, त्याचे नाव घेत नाही, त्याच काळात एका परदेशी हॉटेलाच्या खरेदीची छाननी केली होती. पाचही वर्षांच्या अंदाजात उत्पन्न दरवर्षी वाढतच जाणार असे गृहीत धरलेले होते, आणि एकही वर्ष घटीचे दाखवलेले नव्हते. मी आक्षेप लिहून दिला, पण तो पुरेशा जोराने मांडला नाही. पुढे त्या मालकाने ते हॉटेल तोट्यात विकले. म्हणून त्या काळात चुकलेल्यांना दोष देताना मी जपून बोलतो, कारण तेव्हाची हवाच तशी होती.

ताज बोस्टन 2016 मध्ये साडेबारा कोटी डॉलरना विकले गेले आणि सिडनीचे ब्लू त्याआधी 2014 मध्ये. बोस्टनच्या व्यवहारात एक बारकावा आहे जो विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा. डॉलरमध्ये साडेचार कोटींचा तोटा उघड दिसतो. पण खरेदीच्या वेळी डॉलर साधारण 44 रुपयांना होता आणि विक्रीच्या वेळी 67 च्या आसपास, त्यामुळे रुपयांत मोजल्यास सुमारे 750 कोटींना घेतलेली वास्तू 835 कोटींच्या घरात विकली गेल्याचे दिसते. हा फायदा मात्र आभासी आहे, कारण त्यात मधल्या वर्षांतील व्याज, दुरुस्ती आणि चालवण्याचा तोटा धरलेला नाही. परदेशी चलनातील कर्ज असेल तर रुपया घसरल्यावर तेही तितकेच फुगते. चलन बदलून हिशेब मांडला की तोटा नाहीसा झाल्यासारखा दिसतो, आणि वार्षिक अहवाल वाचताना याच ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट थोडी वेगळी झाली. तिथल्या रेस्टॉरंटमध्ये श्रीजित गोपीनाथन या आचाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील ताज्या भाज्या आणि भारतीय मसाले यांचा मेळ घालून मिशेलिनचे दोन तारे मिळवले. एकशेदहा खोल्यांच्या लहान हॉटेलाला स्वतःची ओळख मिळाली ती स्वयंपाकघरातून, आणि मला लंडनचाच धागा इथे पुन्हा दिसतो.

याच काळात ओरिएंट एक्स्प्रेस हॉटेल्स या कंपनीशी झालेले प्रकरण घडले. 2007 मध्ये समूहाने तिचे दहा टक्क्यांच्या आसपास भाग घेतले आणि सहकार्याचा प्रस्ताव दिला, तेव्हा भारतीय साखळीशी जोडले गेल्याने आपल्या नावाची किंमत घटेल अशा आशयाचे उत्तर त्या कंपनीकडून आले. भारतात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली, आणि ती योग्यच होती. पुढे 2012 मध्ये समूहाने दर शेअरला 12.63 डॉलर देऊन संपूर्ण कंपनी घेण्याचा प्रस्ताव मांडला, तो नाकारला गेला, आणि 2013 च्या नोव्हेंबरात तो मागे घेण्यात आला. त्या कंपनीने नंतर बेलमंड हे नाव धारण केले आणि 2019 मध्ये ती एका फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेली. अपमानाची सल खरी होती, तरीही स्वतःवर कर्जाचा भार असताना एवढा मोठा घास घेतला गेला नाही हे समूहाच्या पथ्यावरच पडले असे मला वाटते.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याविषयी मी थोडेच लिहीन. हॉटेलात 31 जणांचा जीव गेला, त्यांत कर्मचारी मोठ्या संख्येने होते, आणि पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी ते स्वतः मागे थांबले होते. मनोरा 21 डिसेंबरलाच पुन्हा उघडला आणि जुनी इमारत 15 ऑगस्ट 2010 रोजी. त्या रात्री कोणाला काय करायचे हे सांगणारे कोणी नव्हते, तरी टेलिफोन ऑपरेटर आपल्या जागेवर बसून खोल्याखोल्यांत फोन करत राहिल्या. माझ्या व्यवसायातील माणसांविषयी मला जो आदर आहे त्याचा मोठा भाग त्या रात्रीचा आहे. जगभर त्या समूहाचे नाव पोहोचले ते कोणत्याही खरेदीपेक्षा या वर्तनामुळे अधिक, आणि अमेरिकेतील हार्वर्डसारख्या ठिकाणी त्यावर अभ्यास झाला.

2017 मध्ये पुनीत छटवाल प्रमुख झाल्यानंतर धोरण उघडपणे बदलले. स्वतः बांधण्या-घेण्यापेक्षा इतरांच्या हॉटेलांचे व्यवस्थापन अधिक करायचे, मालकीची व व्यवस्थापनाची हॉटेले यांचे प्रमाण समसमान करत न्यायचे, आणि मध्यम दरासाठी जिंजर व विवांता ही नावे वाढवायची असे ठरले. परदेशात भर दुबईवर राहिला. 2015 मध्ये बुर्ज खलिफाजवळचे ताज आणि 2022 मध्ये पाम बेटावरचे ताज एक्झॉटिका ही तिथली ठळक हॉटेले आहेत. मुंबईहून तीन तासांच्या अंतरावर, भारतीय लग्ने आणि भारतीय कुटुंबे वर्षभर येणाऱ्या शहरात, दुसऱ्याच्या इमारतीत आपली माणसे नेऊन बसवायची, ही जवळपास 1971 च्या उदयपूरचीच पद्धत आहे.

आपल्या प्रकल्पासाठी एक सुचवतो. एकूण हॉटेले किती हा आकडा बाजूला ठेवावा, कारण त्यात अद्याप न उघडलेली, केवळ करार झालेली हॉटेलेही मोजलेली असतात. वार्षिक अहवालातून मालकीची, भाडेपट्ट्याची आणि व्यवस्थापनाची अशा तीन याद्या वेगळ्या काढाव्यात, परदेशी उपकंपन्यांचा नफातोटा आणि त्यांना मूळ कंपनीने दिलेली हमी हे तळटिपांतून शोधावे, आणि मग लंडन, बोस्टन व दुबई यांची तुलना दर खोलीमागील गुंतवणुकीवर करावी. बोस्टनच्या विक्रीचे वर्ष आणि त्या आधीची तीन वर्षे यांपासून सुरुवात केली तर काम सोपे जाईल.